जात्याला बांधलेला निश्चय

आषाढाची चाहूल लागली की आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गावागावांतून दिंड्या पंढरपूरकडे निघतात. त्या दिंड्यांतून चालणाऱ्या पुष्कळांच्या गळ्यात तुळशीची माळ असते. माळ घालणे ही वारकरी संप्रदायात साधी गोष्ट नव्हे. माळ घातली म्हणजे मद्यमांस सुटले, एकादशी आली, रोजचा हरिपाठ आला आणि वर्षातून निदान एकदा पंढरीची वाट चालणे आले. आता असे बघा, ज्या गावात वीस-वीस वर्षे माळ सांभाळणारा म्हातारा असतो, त्याच गावात दर पाडव्याला दारू सोडणारा आणि अक्षय्य तृतीया येण्याच्या आत ती पुन्हा धरणारा एखादा गडीही असतो. दोघांची राने शेजारी, पाऊस तोच, कर्जही बहुधा एकाच सोसायटीचे. मग एकाचा शब्द टिकतो आणि दुसऱ्याचा टिकत नाही, हे कशामुळे?

"ज्याच्या त्याच्या मनाचा जोर," असे म्हणून आपण हा प्रश्न सोडून देतो. मी इतिहास शिकवणारा माणूस आहे. मला हे उत्तर अपुरे वाटते. मनाचा जोर म्हणाल तर तो तुमचा, माझा, सर्वांचाच सकाळी एक असतो आणि दिवेलागणीला दुसराच असतो. त्याच्या भरवशावर कुणाचेच काम वर्षानुवर्षे चाललेले नाही. ज्यांचे निश्चय टिकले, त्यांनी ते मनाबाहेरच्या कशाला तरी घट्ट बांधून ठेवले होते, असे इतिहास चाळताना दिसते. ते कशाला बांधले, कसे बांधले, आणि जिथे बांधायचे राहून गेले तिथे काय झाले, हे आज आपण तीन माणसांच्या आधाराने पाहू. पहिल्या गंगाखेडच्या जनाबाई, दुसरे नरसीचे नामदेव आणि तिसरे मंगळवेढ्याचे चोखोबा.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. या संतांची चरित्रे आपल्याला मुख्यतः त्यांच्या नावावरच्या अभंगांतून आणि पुढे अठराव्या शतकात महिपतींनी लिहिलेल्या 'भक्तविजया'सारख्या ग्रंथांतून मिळतात. जन्म-मृत्यूची साले परंपरेने चालत आलेली आहेत. त्यामुळे जिथे परंपरेची कथा आहे तिथे मी तसे म्हणेन, आणि जिथे इतिहासाला हात लावून दाखवता येईल असा पुरावा आहे तिथे तसे सांगेन. परंतु लोकांनी एखादी कथा सातशे वर्षे जपली, तर ती का जपली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे, हे आपण विसरू नये.

गंगाखेड हे गोदाकाठचे गाव आपल्याला नवे नाही. तेथे दमा आणि करुंड या गरीब जोडप्याच्या पोटी जनीचा जन्म झाला. दमा वारकरी होता. तो लहानग्या जनीला घेऊन पंढरपूरला गेला आणि तेथे दामाशेटी शिंपी यांच्या घरी तिला ठेवून आला, असे परंपरा सांगते. दामाशेटी हे नामदेवांचे वडील. तेही मूळचे आपल्याच बाजूचे, नरसी गावचे. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. पण १९९९ साली १ मे रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. म्हणजे त्या काळच्या पंढरपुरात आपल्या मुलखातले एक बिऱ्हाड होते, आणि त्या बिऱ्हाडात आपल्याच मुलखातली एक पोर दासी म्हणून राहिली.

दासी म्हणजे काय, ते आपल्याकडच्या बायाबापड्यांना सांगायला नको. पहाटे दळण, मग सडासारवण, पाणी, शेण गोळा करणे, गोवऱ्या थापणे, कांडण, धुणे. घरात खाणारी तोंडे चौदा-पंधरा. अशा पोरीच्या मनात देवाचे नाव घ्यावे, आपणही दोन शब्द जुळवावेत, अशी इच्छा उठली. या इच्छेच्या आड काय काय उभे होते, मोजून बघा. पहिली अडचण वेळेची. ती बाहेरची अडचण. पण तिच्यापेक्षा जड अशा दोन अडचणी आतल्या होत्या. एक म्हणजे 'मी कोण? परक्या घरची मोलकरीण, मला काय अधिकार?' ही भावना. आणि दुसरी म्हणजे एकटेपण. आईबाप दुरावलेल्या मुलीचे एकटेपण जनाबाईंच्या अभंगांत जागोजाग आहे. आपल्याला कुणी नाही असे त्या विठ्ठलाला सांगतात, त्याच्याशी भांडतात, प्रसंगी त्याला खडसावतातही.

आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते? 'कामातून मोकळी झाले की बघीन,' असे म्हणालो असतो. आपण आजही असेच म्हणतो, नाही का? सुगी उरकली की बघू, पोरीचे लग्न झाले की बघू, बदली झाली की बघू. जनाबाईंना ठाऊक होते की दासीला मोकळीक कधीच मिळत नसते. म्हणून त्यांनी मोकळ्या वेळेची वाट पाहिली नाही. जे काम रोज चुकणार नाही, त्याच कामाला आपला निश्चय बांधून टाकला. ते काम म्हणजे दळण.

या गोष्टीचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११२९ साली 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्या ग्रंथात आहे. म्हणजे जनाबाईंच्या आधी दीडशे वर्षे आपल्या आयाबहिणी कामाच्या तालावर गात होत्या, याला लेखी पुरावा आहे. जात्याचा खुंटा हातात आला की हात फिरू लागतो, हाताबरोबर श्वास, आणि श्वासाबरोबर शब्द. मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे, तेवढे दळून होईतो एक ओवी पुरी होते. पुन्हा मूठ, पुन्हा ओवी. ही घडी आधीपासून तयार होती. जनाबाईंनी नवीन सवय लावून घेतली नाही. जुन्या सवयीत नवीन आशय घातला. जाते तर फिरणारच होते. आता त्याच्याबरोबर नामही फिरू लागले. मग रोज पहाटे 'आज म्हणू की नको' असा प्रश्न मनाला विचारण्याचे कारणच उरले नाही. जाते पुढे आले की ओठ आपोआप हलत.

पुढे कथा अशी झाली, की जनीबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागला. या कथेकडे भाविक एका दृष्टीने पाहील, इतिहासाचा विद्यार्थी दुसऱ्या दृष्टीने. मला तिच्यात एवढे दिसते, की एकटेपणाची अडचणही त्याच जात्यावर सुटली. दोघींनी समोरासमोर बसून ओढायचे ते जाते. तिच्यासमोरची जागा रिकामी होती, ती तिने आपल्या देवाने भरून काढली. आणि अधिकाराची शंका? तीही गेली. आपण नामदेवांची दासी आहोत, ही गोष्ट जनाबाईंनी लपवली नाही. उलट अभंगाच्या शेवटी 'नामयाची जनी' अशी सही करून तोच आपला मान केला. सुमारे साडेतीनशे अभंग आज त्यांच्या नावावर आहेत. पंढरपूरजवळ गोपाळपुरात जनाबाईंचे जाते म्हणून एक जाते दाखवतात. ते त्यांचेच असेल किंवा नसेल; पण सातशे वर्षांनंतर एका मोलकरणीचे जाते लोक नमस्कार करून पाहतात, ही गोष्ट मात्र खरी आहे.

आणि याहून मोठा पुरावा पुढे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. गाणाऱ्या बाया बहुतेक निरक्षर, शेतात राबणाऱ्या. त्यांच्या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, आणि विठ्ठलाबरोबर दळणारी जनीही आहे. एका दासीने स्वतःपुरता जो निश्चय जात्याला बांधला, तो जात्याजात्यावरून फिरत असंख्य बायांचा झाला. त्याला ना मठ लागला, ना देणगी.

आता नामदेवांकडे वळू. नामदेवांच्या वाटेतली अडचण अगदी निराळी होती. त्यांना वेळ होता, मान होता, विठ्ठलाच्या राउळात लहानपणापासून वावर होता. त्यांच्या आड आले ते त्यांचे समाधान: 'मला पोचले, मला कळले.' आळशी माणसाचा निश्चय जसा मोडतो, तसा आपण पुरे झालो असे समजणाऱ्याचाही खुंटतो. आणि ही दुसरी अडचण अधिक अवघड, कारण ती अडचण आहे हेच त्या माणसाला दिसत नाही.

परंपरेची कथा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतांचा मेळा जमला होता. हे तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. मुक्ताबाईंची नजर कुंभाराच्या थापटण्यावर गेली. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. मडके कच्चे की पक्के ते पारखायला, असे गोरोबांनी सांगितले. मग या बसलेल्या मडक्यांचीही पारख होऊ द्या, असे मुक्ताबाई म्हणाल्या. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सर्वांनी मुकाट्याने सोसले. नामदेव तेवढे चिडले. आणि गोरोबांनी निकाल दिला, की हे मडके कच्चे आहे.

विचार करा, चारचौघांत असे कुणी म्हटले तर आपण काय करतो? बहुतेक जण घरी येऊन त्या माणसाचेच दोष मोजत बसतात. नामदेवही रागावून पंढरपूरला आले आणि विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. पण तेथेही त्यांना तेच ऐकावे लागले: तुला गुरू नाही. यानंतर नामदेवांनी जे केले, ते खरे अवघड होते. ते शिकायला निघाले. औंढा नागनाथच्या देवळात, परंपरा सांगते, त्यांना विसोबा खेचर भेटले. हे औंढा म्हणजे आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले, तेराव्या शतकातल्या कोरीव देवळाचे. विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेवांनी हटकले, तेव्हा म्हातारा म्हणाला, बाबा, देव जिथे नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिकडे ठेवू लागले, तिकडे पिंडी दिसू लागली. ज्याला देव फक्त पंढरपुरात दिसत होता, त्याला तो सगळीकडे दिसू लागला.

या कथेतली एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. हे विसोबाही कधी काळी ज्ञानेश्वरांच्या भावंडांचे कट्टर विरोधक होते आणि पुढे पालटले, असे त्यांच्याविषयी सांगतात. म्हणजे ज्याच्याकडे नामदेव शिकायला गेले, तो स्वतः एकदा चुकून सावरलेला माणूस होता. शिक्षक बंधूंना मी हे मुद्दाम सांगतो. मुलाच्या मनातली गाठ सोडवायला बहुधा तोच मास्तर उपयोगी पडतो, ज्याने स्वतःची एक गाठ कधीतरी सोडवलेली असते.

कच्चे मडके पक्के झाले, याला पुरावा काय? याला मात्र हात लावून दाखवता येईल असा पुरावा आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. त्याच साली अल्लाउद्दीन खलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य संपले. अशा धामधुमीच्या काळात नामदेव कीर्तन करीत उत्तरेकडे गेले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान हे गाव आहे. तेथे नामदेवांचे स्थान आहे. १६०४ साली पाचवे शीख गुरू अर्जुनदेव यांनी जो ग्रंथ सिद्ध केला, त्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांच्या समाधीचे परंपरागत साल १३५० धरले, तर अडीचशे वर्षे पंजाबी माणसांनी ही पदे मुखोद्गत ठेवली असली पाहिजेत. आजही ती तेथे रोज गायिली जातात. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या घुमानला भरले, ते याच नात्याने. कच्च्या मडक्यात पाणी भरून कुणी परगावी नेत नाही. ते वाटेतच विरघळते. नरसीच्या शिंप्याचे मडके पंजाबपर्यंत पाणी घेऊन गेले, कारण ते तेरला थापटले गेले आणि औंढ्याला भाजले गेले.

तेव्हा जनाबाईंनी आपला निश्चय हाताच्या कामाला बांधला, आणि नामदेवांनी तो दुसऱ्याच्या पारखेला लावला. येथपर्यंत सारे चांगले आहे. एवढ्यावर थांबून टाळ्या घेता येतील. परंतु इतिहासाच्या अध्यापकाने तसे करू नये. कारण याच कथेत एक निश्चय असा आहे, की जो सहाशे वर्षे दाराबाहेर उभा राहिला.

चोखोबा मंगळवेढ्याचे. जातीने महार. विठ्ठलाचे वेड असे, की पंढरपुरात महाद्वाराबाहेर उभे राहून आत ऐकू जाईल अशा आर्त वाणीने त्यांनी अभंग रचले. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळेच अभंग रचणारे. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने उतरून घेतले, असा परंपरेचा निर्देश आहे. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असताना भिंत कोसळली आणि खाली सापडलेल्या मजुरांत चोखोबाही गेले. नामदेव तेथे गेले, त्यांनी चोखोबांच्या अस्थी शोधून आणल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ज्या अस्थी हातात घेतल्यावर विठ्ठल-विठ्ठल असा नाद उठे त्या चोखोबांच्या, अशी त्यांनी पारख केली, असे कथा सांगते. समाधी आजही तेथे आहे. तिच्यासमोर महाद्वारात नामदेवांची पायरी आहे.

नामदेवांचा हेतू स्वच्छ होता. त्यांना चोखोबा आपले वाटत होते. चंद्रभागेच्या वाळवंटात काला झाला की सर्वांनी मिळून खावे, कीर्तनात सर्वांनी बसावे, ही चाल वारकऱ्यांनी पाडली, आणि ती टिकली. पण दार? दार तसेच राहिले. चोखोबांची समाधी दारासमोर आली. चोखोबांच्या माणसांना आत जाता आले नाही. पिढ्यान् पिढ्या कीर्तनकारांनी चोखोबांची थोरवी गायिली, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले, आणि कीर्तन आटोपून लोक राउळात गेले, तेव्हा चोखोबांचे जातभाई बाहेरच्या बाहेर परतले. माणसे दुष्ट होती म्हणून असे झाले, असे म्हटले की आपण सुटतो. पण पुष्कळशी माणसे भली होती. त्यांच्या मनात करुणा होती. मात्र ती करुणा कोणत्याही शिरस्त्याला, कोणत्याही हक्काला बांधलेली नव्हती. 'रीतच आहे, आपण एकट्याने काय करणार?' हा आतला अडसर जसा एका माणसाच्या मनाला असतो, तसा साऱ्या समाजाच्या मनालाही असतो. आणि जो तो दुसऱ्याकडे बघत राहिल्याने तो कुणीच काढत नाही.

विसाव्या शतकात हा अडसर ढकलायला माणसे उभी राहिली. १९३० साली २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला. दार उघडले नाही. ज्यांनी मार खाल्ला त्यांना एक गोष्ट कळून चुकली, की उपकार म्हणून उघडलेले दार आपल्या कामाचे नाही, हक्क पाहिजे. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना अर्पण केला आहे. दाराबाहेर उभा राहिलेला चोखा त्यांच्या डोळ्यांआड झालेला नव्हता.

दुसरीकडे साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला. गावोगाव सभा घेतल्या, लोकांना साद घातली, आणि १९४७ साली १ मे रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. गुरुजी मनाने अतिशय हळवे होते, हे त्यांचे लेखन वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे. परंतु या वेळी त्यांनी तो हळवेपणा अश्रूंवर संपू दिला नाही. आधी दौरा, मग सभा, मग उपोषण, मग ठराव, अशी पायरीमागून पायरी त्यांनी बांधत नेली. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट झाल्याचे जाहीर केले. १३३८ ते १९४७. हिशेब केला तर ६०९ वर्षे होतात. चांगला हेतू शिरस्त्यात उतरायचा राहिला, तर केवढी किंमत पडते, ती या आकड्यात आहे. आणि ती किंमत हेतू बाळगणाऱ्यांनी मोजली नाही. बाहेर उभे राहणाऱ्यांनी मोजली.

याच आकड्याला दुसरी बाजूही आहे. कायदा झाला म्हणजे मन पालटले, असे समजण्याचे कारण नाही. पाणवठ्यावर, पंगतीत, स्मशानात भेद राहिला, हे खेड्यात वावरणाऱ्याला सांगायला नको. नुसती करुणा दाराशी अडते, तशी नुसती कलमेही गावाच्या वेशीशी अडतात. कायद्याने दार उघडते. आत गेलेल्याच्या शेजारी उभे राहायला आपल्यालाच जावे लागते. ती सवय पुन्हा रोजच्या कामालाच बांधावी लागते, म्हणजे परत जनाबाईंच्या जात्यापाशीच यावे लागते.

श्रोतेहो, आता या सगळ्यांतून तुमच्या-माझ्या उपयोगाचे काय निघते, ते थोडक्यात सांगतो. ज्याला एखादे व्यसन सोडायचे आहे, पोरीला दहावीपुढे शिकवायचे आहे, कर्जाच्या फेऱ्यातून निघण्यासाठी थोडे थोडे मागे टाकायचे आहे, त्याने निश्चय मनात ठेवून मनाची परीक्षा पाहत बसू नये. तो अशा कामाला बांधावा, जे आपल्याकडून कधी चुकत नाही. सकाळची धार चुकत नाही, बाजारचा दिवस चुकत नाही, शाळेची घंटा चुकत नाही. आपल्या गावातल्या बचत गटांकडे पाहा. ज्या गटाची बैठक ठरलेल्या वाराला, ठरलेल्या ओट्यावर होते, तो चालतो; जो 'सवडीने जमू' म्हणतो, तो दोन महिन्यांत मोडतो. त्या बायकांच्या मनाचा जोर काही कमीजास्त नसतो. वार ठरलेला असतो, एवढाच फरक.

पुढची गोष्ट, आपल्या डोक्यावर थापटणे मारील असे एक तरी माणूस जवळ ठेवावे. बायको असेल, थोरला भाऊ असेल, शाळेतला सहकारी असेल. ज्याच्या समोर 'जमलं नाही' असे कबूल करता येते, असे माणूस. स्तुती करणारे पुष्कळ मिळतात. त्यांच्यामुळे मडके भाजले जात नाही. शिक्षकांना तर मी म्हणेन, की वर्षातून एकदा आपल्या मुलांनाच विचारावे, 'माझं शिकवणं कुठं कळत नाही?' उत्तर ऐकताना टाळू थोडी दुखेल. नामदेवांचीही दुखली होती.

आणि तिसरी गोष्ट गावाची. एकट्याचा चांगुलपणा एकट्याबरोबर जातो. गावात एखादी चांगली चाल सुरू झाली, मग ती हुंडा न घेण्याची असो, एका पाणवठ्याची असो, की सर्वांनी एका पंगतीत बसण्याची असो, ती कुणा सज्जनाच्या मर्जीवर सोडू नये. ती ग्रामसभेत मांडावी, ठरावात लिहावी, आणि पुढच्या वर्षी ती पाळली गेली का, हे त्याच ग्रामसभेत विचारावे. चोखोबांना सहाशे वर्षे कुणी वाईट म्हटले नाही; पण दार उघडण्याचा ठरावही कुणी केला नाही. ही चूक आपल्या गावात पुन्हा होऊ नये.

आता घरोघरची जाती गेली. पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेच्या दळणाचे कष्ट गेले, ते बरेच झाले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ज्यांनी ते ओढले त्यांना त्याचे वजन ठाऊक होते. पण जात्याबरोबर एक सोयही गेली. हात कामात आणि मन आपल्या निश्चयात, अशी रोजची ठरलेली घटका गेली. ती घटका आता ज्याने त्याने आपल्या दिवसातून शोधून काढायची आहे. गुरुजींनी वर्गात जनाबाईंचा पाठ शिकवताना एवढे करावे: अर्थ सांगून झाल्यावर प्रत्येक मुलाला विचारावे, 'तुझ्या घरी रोज न चुकता होणारं काम कोणतं?' कुणी सांगेल पाणी भरणे, कुणी शेळ्या सोडणे, कुणी धाकट्याला झोपवणे. मग त्याला म्हणावे, 'त्या कामाच्या वेळी पाच पाढे म्हण.' वर्षाअखेरीस ज्याला तिशीपर्यंतचे पाढे आले असतील, त्याला जनाबाई वेगळ्या शिकवाव्या लागणार नाहीत.